बुंदी खाईना

ऋतुजानं पायानंच दार ढकललं आणि ती आत आली. दोन्ही हातांनी पोटाशी एक काचेची पेटी धरलेली होती, वर तिचीच ओढणी टाकलेली. अक्का सोप्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“काय गं ते? मासे आणलेस?”

“मासे नाहीत.” तिनं पेटी कॉटवर ठेवली आणि ओढणी काढली.

अक्कांच्या मांडीवरचं ताट उडालं. तांदूळ माझ्या पायापर्यंत आले.

“पाल! अगं बाई, पाल आणली हिनं घरात!”

“पाल नाही मावशी. लेपर्ड गेको म्हणतात. ही भिंतीवर चढत नाही. आणि डोळे मिटते बघ. आपल्या पालीला पापण्या नसतात.”

“पापण्या असू देत नाहीतर भुवया असू देत. पाल ती पाल. दाजी, बघा तुमच्या लेकीचे प्रताप.”

मी बघितलं. वीतभर लांब, पिवळी, अंगभर काळे ठिपके. शेपटी गाजरासारखी जाड. एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.

माझी बायको शालन जाऊन महिना होत आला होता. शालनला पालीची इतकी भीती, की घरातल्या प्रत्येक ट्यूबलाइटच्या पट्टीला तिनं मोरपिसं खोचून ठेवली होती. पिसं अजून तशीच होती, आणि त्यांच्याखाली माझी मुलगी पाल घेऊन उभी होती.

“परत देऊन ये,” मी म्हणालो.

“ज्याची होती तो जर्मनीला गेला.”

“मग मळ्यात सोडून ये.”

“थंडीनं मरेल.”

“घरात असलं काही आणायचं नाव काढलंस तेव्हा तुझी आई काय म्हणाली होती?”

ती माझ्याकडे वळली. बरेच दिवस ती माझ्याकडे बघून बोलत नव्हती.

“चांगलं आठवतंय. म्हणाली होती, ‘मी मेल्यावर आण काय आणायची ती.’ मेली. आणली.”

अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. माझा हात वर गेला होता. कशासाठी गेला होता ते मला आजही सांगता येणार नाही. मी तो खाली घेतला आणि तांदूळ गोळा करायला बसलो.

आमचं घर कराडात. मी साखर कारखान्यात फिटर होतो, तेव्हा नुकताच निवृत्त झालेला. ऋतुजा पुण्यात नोकरीला, पण आई गेल्यापासून इथूनच कॉम्प्युटरवर काम करत होती. अक्का म्हणजे शालनची थोरली बहीण, विट्याला दिलेल्या. दहाव्याला आल्या त्या राहिल्याच. राहण्याचं कारण त्यांनी लपवलं नव्हतं. त्यांच्या दिराचा मुलगा विक्रांत लग्नाचा होता, आणि ऋतुजाचं लग्न वर्षाच्या आत व्हायला हवं होतं. घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं आमच्याकडे धरतात.

आणि घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं ते दहाव्यामुळे.

दहाव्याला संगमाच्या घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागं सरलो. कावळे होते, पण पिंडाला शिवेनात. मग जे सगळीकडे होतं तेच सुरू झालं. गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असणार, म्हणून एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा. शालनचा भाऊ म्हणाला, दाजींना एकटं पडू देणार नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, तुझ्या तुळशीला पाणी घालीन. कावळा येईना. मग अक्का पुढं आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, “शालन, पोरीची काळजी करू नकोस. आमच्या विक्रांतला करून घेते. वर्षाच्या आत लावते लग्न.”

त्यानंतर थोड्याच वेळात मी गुरुजींना म्हणालो, “उन्हं झाली. दर्भाचा करा.” कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात. गुरुजींनी तो केला, लावला, विधी आटोपला. त्या वेळी ऋतुजा काहीतरी बोलायला पुढं आली होती. तोंड उघडलं होतं तिनं. मी तिला वेळ दिला नाही.

तेव्हापासून मी तिच्या लेखी ऊन लागलेला माणूस होतो. जेवायला बोलवायचं झालं तरी ती अक्कांना म्हणायची, “त्यांना म्हणावं या, आत सावली आहे.”

त्या पालीचं नाव तिनं बुंदी ठेवलं.

“आता जन्मात लाडू खायची नाही मी,” अक्का म्हणाल्या.

बुंदीही काही खात नव्हती. एका डब्यात गव्हाच्या कोंड्यात पिवळ्या अळ्या होत्या, पिठात होतात तसल्या. ऋतुजा चिमट्यानं एक अळी उचलायची, बुंदीच्या तोंडासमोर हळूच हलवायची. बुंदी तोंड फिरवायची. रातकिडे आणून सोडले, ते बुंदीच्या पाठीवर चढून बसले. पेटीबरोबर गरम होणारी एक रबरी पट्टी आली होती, ती प्रवासात बंद पडली होती. नवी मागवली होती, ती येत नव्हती. शेपटीत तिची चरबी असते म्हणे, आणि शेपटी रोज बारीक होत होती.

“जागा नवी आहे. बुजली असेल,” ऋतुजा म्हणायची.

“नव्या नवरीसारखी,” अक्का म्हणायच्या. “दोन दिवस लाजेल, मग सगळ्या घराला खाईल.”

“मावशी, तू तिच्यासमोर ओरडू नकोस.”

“मी ओरडते? मी? दाजी, मी ओरडते का?”

“विट्याला ऐकू जात नसेल,” मी म्हणालो.

“तुम्ही बोलूच नका. तुम्हाला काय, बहीण माझी गेली.”

असं चाललं होतं. एका सकाळी अक्का चहाचा कप घेऊन पेटीसमोर थोड्या अंतरावर बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“कावळा शिवला नाही,” त्या म्हणाल्या. “आणि आता हीसुद्धा शिवेना. दाजी, मला काही वेगळंच वाटायला लागलंय.”

“शंकेची पाल चुकचुकली म्हणा की.”

“थट्टा करा. घाटावर थट्टाच केलीत. तिचं काही राहिलंय. ती अडकलीय. आणि पोरीनं नेमकी ह्याच वेळी घरात पाल आणावी? जिची तिला किळस, तीच?”

“मावशी, ती आई नाही,” आतून ऋतुजा म्हणाली. पण तिनं ते फार हळू म्हटलं. मला ते आवडलं नाही. मग ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

त्या दिवसापासून अक्का संध्याकाळी दिवा लावला की पेटीसमोर पाट टाकून बसायला लागल्या. पालीला भिणारी बाई, तोंडावर पदर धरून, हात लांब करून चिमट्यात अळी धरायची आणि विट्याचं वर्णन सुरू करायची. विक्रांतची पोल्ट्री. विक्रांतचा शांत स्वभाव. नवीन घराची फरशी. बुंदी तोंड फिरवायची.

“हिलासुद्धा पसंत नाही,” मी म्हणालो.

“तुम्ही मधे पडू नका.”

ऋतुजा कॉटवर पाय जवळ घेऊन बसली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. पुण्याचे फोनही ती घेत नव्हती. तिनं एकदम मान वर केली.

“मावशी, तुझ्या बोलण्यावर तिनं खाल्लं ना, तर मी विक्रांतला हो म्हणते.”

अक्कांच्या हातातला चिमटा थांबला. “शब्द?”

“शब्द.”

“ऋतू,” मी म्हणालो.

“अण्णांना काय,” ती अक्कांकडे बघूनच म्हणाली. “ते दर्भाचा नवरदेव करतील. उन्हं झाली की.”

मी उठून बाहेर गेलो. एका पालीच्या तोंडावर माझ्या मुलीचं लग्न टांगलेलं होतं, आणि तिनं स्वतःच ते टांगून घेतलं होतं. विक्रांत मी बघितलेला होता. वाईट नव्हता. पण ऋतुजा त्याच्याशी चार वाक्यंसुद्धा बोलली नव्हती, आणि त्याचं नाव निघालं की ती उठून जायची, शालन होती तेव्हापासून.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का झोपल्या आणि ऋतुजा दुकानात गेली, तेव्हा मी पेटीपाशी गेलो. काचेखाली हात घातला. गार. कारखान्यात थंडीत तेल गोठलं की मशीन चालत नाही, आधी गरम करावं लागतं. मी माळ्यावरून एक जुनं कौल काढलं, घासून धुतलं, पेटीच्या कोपऱ्यात पालथं ठेवलं. बाहेरून काचेला लागून बल्ब बसवला. वर जाळी होती तिच्यावर पोतं टाकलं. मला ती पाल आवडत नव्हती. पण अक्कांनी पाट मांडायच्या आत तिनं खायला हवं होतं, माझ्या हातून, कुणाच्याही हातून. मी चिमट्यात अळी धरली. बुंदी कौलाखाली शिरली आणि तिथंच राहिली.

ऋतुजा आली. “हे कुणी केलं?”

“मी.”

“कुणाला विचारून?”

“गार होती.”

“आता आठवलं?” तिनं पोतं काढून फेकलं. पण बल्ब तसाच ठेवला.

संध्याकाळी अक्कांनी दिवा लावला, पाट टाकला. मी दारात उभा होतो. ऋतुजा कॉटवर. अक्कांनी पदर तोंडाशी धरला, चिमटा पुढं केला आणि सुरू केलं. “शालन, ऐकतेस ना? पोरीला विट्याला देते. तिथं तिला काही कमी नाही. माझ्या डोळ्यांसमोर राहील. वर्षाच्या आत उरकते. माझी बाई, आता खा.”

बुंदी कौलाखालून बाहेर आली.

पहिल्यांदा आली होती. अंग ऊबदार झालं होतं, चालण्यात जोर होता. तिनं मान वर केली. अळीकडे बघितलं. मग तिच्या शेपटीचं टोक थरथरायला लागलं.

“आली,” अक्का कुजबुजल्या. “शालन, आली गं. विक्रांतला देते. तुझी शपथ.”

मी ऋतुजाकडे बघितलं. तिनं दोन्ही हातांनी कॉटची कड धरली होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. आनंदाचा चेहरा नव्हता तो. बुंदीनं मान पुढं ताणली.

मी दोन पावलांत गेलो आणि काचेवर सगळ्या ताकदीनं थाप मारली.

बुंदी कौलाखाली नाहीशी झाली. अक्कांच्या हातातला चिमटा उडाला आणि अळी त्यांच्या निऱ्यांत पडली. त्या किंचाळत उठल्या, निऱ्या झटकत सोपाभर फिरल्या. कुणीही हसलं नाही.

“अण्णा!” ऋतुजा उभी राहिली होती. “आज पहिल्यांदा खायला आली होती ती!”

“बघितलं मी.”

“मग?”

“म्हणूनच मारली.”

“ती मेली असती तर? तुम्हाला काही वाटतं का? कशाचं काही वाटतं का तुम्हाला? घाटावर तेच, इथं तेच.”

“हो,” मी म्हणालो. “घाटावरही तेच केलं.”

“म्हणजे?”

आता न सांगून चालणार नव्हतं. “कावळा आला होता. अक्का विट्याचं बोलत होत्या तेव्हाच. कठड्यावरून खाली उतरला. पिंडाच्या पानापासून हातभर लांब होता. मी खांद्यावरचा पंचा झटकला.”

अक्का निऱ्या धरून तशाच थांबल्या.

“मी बघितलं होतं तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “पंचा झटकताना. मला वाटलं माशी असेल.”

“माशी नव्हती.”

“म्हणजे माझ्या बहिणीला तुम्ही उपाशी पाठवलंत.”

ते खरंच होतं. “पाठवली,” मी म्हणालो. “तुमचा शब्द होता, पण पोर माझी होती. तिला कुणी विचारलं होतं? त्या बोलण्यावर कावळा शिवला असता तर तो शब्द मोडायची कुणाची टाप होती? तुम्ही मोडू दिला असता?”

अक्का खाली बघून निऱ्या झटकायला लागल्या. तेच उत्तर होतं.

मला वाटलं, आता ऋतुजा निवळेल. ती निवळली नाही.

“मला का नाही सांगितलं?” ती म्हणाली. “इतके दिवस मी म्हणतेय, बापाला ऊन लागलं. तुम्ही ऐकून घेताय.”

“कावळा शिवायला आला होता हे कळलं असतं, तर तू विक्रांतला हो म्हणाली असतीस. आईची इच्छा म्हणून. म्हणाली नसतीस का?”

तिनं पेटीकडे बघितलं.

“एका पालीवर म्हणायला निघालीस,” मी म्हणालो. “कावळा तरी खरा होता.”

“पालीवर का ते तुम्हाला माहितीये?” तिचा आवाज चढला. “आई माझ्याशी शेवटचं धड बोलली ते तेच. ‘मी मेल्यावर आण.’ फोनवर. मी फोन ठेवून दिला. त्यानंतर ती नुसतं ‘जेवलीस का, झोपलीस का’ एवढंच विचारायची, आणि मग तेही बंद झालं. घाटावर कावळा येईना तेव्हा मला वाटलं, तिचं हेच राहिलंय. मी तिला सांगायला पुढं आले होते. तुम्ही दर्भाचा केलात.”

“काय सांगायला?”

“ते तुम्हाला नाही सांगायचं. आईला सांगायचं होतं.” तिनं दाराकडे बोट केलं. “बाहेर व्हा. दोघंही.”

“मी कशाला?” अक्का म्हणाल्या.

“मावशी, बाहेर.”

तिनं आमच्या मागं दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला.

आम्ही पायरीवर बसलो, दोन टोकांना. समोरच्या घरात कुणाची तरी फोडणी पडली होती. अक्का अजून निऱ्यांत अळी शोधत होत्या.

“मी उद्या जाते,” त्या म्हणाल्या.

“जा.”

“पोरीचं वर्ष हातचं घालवणार तुम्ही.”

“जाऊ दे.”

“मग तीन वर्षं थांबा.”

“थांबेल.”

“शालन असती तर काय म्हणाली असती, माहितीये तुम्हाला?”

“मला? तीस वर्षं ऐकत होतो मी. तुम्ही सणावाराला ऐकत होता.”

अक्कांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

आतून ऋतुजाचा आवाज यायला लागला. हळू, सलग, कुणाला तरी दिवसभराचं सांगावं तसा. मधेच ती थांबायची आणि परत सुरू व्हायची. एकदा ती हसली असंही मला वाटलं. अक्का दाराकडे सरकल्या. मीही सरकलो. एकमेकांची तोंडं बघायची इच्छा नसलेली दोन माणसं एकाच फळीला कान लावून बसली होती. शब्द एकही कळला नाही. मग आवाज थांबला, आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. रस्त्यावरचे दिवे लागले.

कडी निघाली. ऋतुजाचा चेहरा धुतल्यासारखा ओला होता.

“खाल्ल्या,” ती म्हणाली. “दोन.”

“काय बोललीस?” अक्कांनी विचारलं. “कशावर खाल्लं तिनं?”

“कशावर नाही. तुम्ही दोघं बाहेर गेलात, म्हणून खाल्लं.”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघांनीही तिचा आवाज ऐकला होता. त्या आत गेल्या, पेटीपासून चार हात लांब उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. “जा बाई सुखानं,” त्या म्हणाल्या. डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून त्याच आवाजात म्हणाल्या, “तिला पोरीनं सोडवली. तुम्ही नाही. तुमच्याशी माझं संपलं, दाजी.”

सकाळच्या एसटीनं त्या गेल्या. त्यांचा शब्द पक्का असतो. त्यानंतर त्या माझ्याशी कधीच बोलल्या नाहीत, ऋतुजाच्या लग्नातसुद्धा नाही. ते लग्न पुष्कळ वर्षांनी झालं, आणि विट्याला झालं नाही. ऋतुजा काय बोलली ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी अक्का आपली पिशवी भरायला माजघरात गेल्या आणि ऋतुजा भाताला कुकर लावायला गेली. सोप्यात मी एकटा राहिलो. पेटीजवळ गेलो. बुंदी कौलावर चढून बसली होती आणि आपले ओठ चाटत होती. डब्यात कोंडा होता, कोंड्यात अळ्या वळवळत होत्या. मी चिमट्यात एक धरली आणि तिच्यासमोर नेली.

काहीतरी बोलावं असं मला वाटलं. सगळे बोलले होते. मला काही सुचेना.

“घे,” एवढंच म्हणालो.

तिनं घेतली.